तूट, घट, कडता की मापात पाप?

निपाणीच्या एका वाचकांनी नवी हार्ड डिस्क आणली. खोक्यावर १ टीबी, कॉम्प्युटरला जोडली तर दिसतात ९३१ जीबी. घर तंबाखूच्या धंद्यातलं, म्हणून त्यांनी विचारलंय, "हजाराला ६९ कमी. याला तूट म्हणायचं, घट म्हणायचं की कडता? की सरळ मापात पाप?"

घट नक्कीच नव्हे. तंबाखूला वाळून घट येते, म्हणजे माल खरोखर कमी भरतो. इथं काही उडून गेलेलं नाही. तूट म्हणजे चिठ्ठीवर एक नि काट्यावर दुसरं. पण खोक्यावर कबूल केलेला १ टीबी, म्हणजे एक लाख कोटी बाइट (बाइट हे माहिती मोजायचं एकक), डिस्कमध्ये पुरा आहे. कडता हा शब्द जरा जवळ येतो. बारदान, माती, ओल यांच्यापोटी वजनातून जे कापतात तो कडता. नव्या लॅपटॉपमध्ये विंडोज आणि तिच्या दुरुस्तीसाठी राखलेला भाग मोकळ्या जागेतून असाच वजा होतो. मात्र ९३१ चा त्याच्याशी संबंध नाही, रिकामी डिस्कही ९३१ च दाखवते.

किलो, मेगा, गिगा (जीबीतला जी), टेरा (टीबीतला टी) अशा या मापांच्या चढत्या पायऱ्या, आणि खरी गोम पहिल्या 'किलो'त आहे. ग्रीकमधून आलेल्या या शब्दाचा अर्थ हजार, आणि डिस्क बनवणारे हजारानंच मोजतात. कॉम्प्युटरची मेमरी मात्र दुपटीनं वाढते: २, ४, ८ करत दहाव्या पायरीला १०२४. हजाराच्या इतकं जवळ म्हणून त्यालाही किलोच म्हणू लागले. किलोला हा फरक शेकडा २.४, पण प्रत्येक पायरीला वाढत गिगाला ७ च्या वर जातो आणि टेराला जवळजवळ १० होतो. विंडोज बाइटचा आकडा प्रत्येक पायरीला १०२४ नं भागते आणि पुढं जीबीच लिहिते. ॲपलच्या कॉम्प्युटरवर २००९ पासून हजारानं मोजतात, तिथं हीच डिस्क १ टीबी दिसेल.

बेळगावच्या रविवार पेठेत कानडी गिऱ्हाईक 'सेरु' म्हणायचं आणि मराठी 'शेर'. एका मापाला दोन नावं, याची आपल्याला सवय आहे. इथं उलट झालंय, एका नावाखाली दोन मापं. पण जुन्या बाजाराला हेही ठाऊक होतं, म्हणूनच 'कच्चा शेर' आणि 'पक्का शेर' असे शब्द घडले. ८० तोळ्यांचा शेर ग्रॅममध्ये भरतो सुमारे ९३३. शेराला किलो समजणाऱ्याला हजारात जेवढं कमी वाटेल, जवळपास तेवढंच तुम्हाला वाटलं. हा निव्वळ योगायोग, पण मला फार आवडतो.

पैशाचं उदाहरण तर याहून नेमकं. आण्याचे ४ पैसे, रुपयाचे १६ आणे, म्हणजे रुपयाचे ६४ पैसे. १६ रुपयांचे किती? बरोबर १०२४! १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० पैसे झाले, तेव्हा घोटाळा होऊ नये म्हणून नाण्याला 'नवा पैसा' म्हटलं. लोकांनी ते विशेषण बिनतक्रार वापरलं, आणि जुना पैसा विसरल्यावर १९६४ मध्ये ते गळालं. कॉम्प्युटरच्या मापांनाही १९९८ मध्ये अशीच वेगळी नावं दिली गेली: १०२४ च्या हिशेबाला किबिबाइट, मेबिबाइट, गिबिबाइट. पण ती बाजारात रुळली नाहीत, आणि विंडोजच्या पडद्यावरही आली नाहीत. माझ्या मते सगळा गोंधळ या न रुजलेल्या शब्दांचा आहे.

म्हणून माझं उत्तर: याला 'मोजणीतला फरक' म्हणावं. नेमकं लिहायचं तर हजाराच्या हिशेबाला 'दशमान जीबी' आणि १०२४ च्या हिशेबाला 'द्विमान जीबी' म्हणावं. मापात पाप म्हणू नये, माल पुरा आहे. खात्री हवी तर डिस्कच्या चिन्हावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. जीबीच्या आकड्याशेजारी बाइटचा लांबलचक आकडा असतो, तो एक लाख कोटीच्या आसपास दिसेल.