पोनी सोडू नका, त्याची ढांग मोजा

तुमचा प्रश्न असा: वय ३१, उंची पाच फूट एक इंच, वजन ५२ किलो. लहानपणापासून पोनीवरच बसत आलात, त्याच्यावर मीटरभर उंचीच्या उड्यांचे कोर्स व्यवस्थित करता. आता नोकरीसाठी परदेशी जायचंय. तिथे मोठ्यांना पोनीवर शोजंपिंगमध्ये, म्हणजे अडथळ्यांवरून उड्यांच्या स्पर्धेत, उतरू देतात का, की घोडाच घ्यावा लागतो? देश कुठला ते लिहिलेलं नाही, म्हणून कुठेही उपयोगी पडेल असंच लिहिते. मी स्वतः नऊ वर्षांपूर्वी अशीच बाहेर पडले आणि अजूनही पोनीवरच स्पर्धेत उतरते.

तर, उतरू देतात. फक्त ‘पोनी क्लास’ आपल्यासाठी नसतात. नावावरून वाटतं की पोनी कुणाचाही असो, बसणारा कुणीही असो, उंचीत बसला की झालं. तसं नाही. एफईआयच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या, नियमात पोनी म्हणजे विदर्सपाशी (मान संपते तिथल्या खांद्यावरच्या उंचवट्यापाशी), नाल नसताना जास्तीत जास्त १४८ सेंटिमीटर आणि नालांसकट १४९. पण त्याच नियमात पोनी रायडरचं वयही बांधलेलं आहे: बारावं वर्ष ज्या सालात पूर्ण होतं तिथून सोळावं पूर्ण होतं त्या सालाच्या अखेरीपर्यंत. ब्रिटनमधले १२८, १३८ आणि १४८ सेंटिमीटरचे क्लास मुलांचेच. अमेरिकेतले पोनी हंटर नावाचे क्लासही ज्युनिअर रायडर्सचे, म्हणजे अठराच्या आतल्यांचे. माझ्या पहिल्याच मोसमात मी क्लासच्या नावात १४८ वाचून प्रवेशिका भरली. स्पर्धेच्या सकाळी पोनीला वेण्या घालून, बूट चढवून ऑफिसपाशी उभी राहिले, तेव्हा टेबलामागच्या बाईंनी जन्मतारीख विचारली आणि प्रवेशिका परत माझ्याकडे सरकवली. पैसेही परत मिळाले नाहीत. नियमपत्रिका आधी नीट वाचली असती तर तो दिवस वाया गेला नसता.

आपली जागा आहे ती खुल्या, उंचीनुसार लावलेल्या क्लासमध्ये: ८०, ९०, १ मीटर, १.१० असे. तिथे तुम्ही घोड्यांबरोबर उतरता. अमेरिकेच्या नियमात तर जंपर, म्हणजे शोजंपिंगचा घोडा, कुठल्याही जातीचा, कुठल्याही उंचीचा चालतो असं स्पष्ट आहे. प्रत्येक महासंघाचं याबाबत आपलं कलम असतं, म्हणून जाण्याआधी त्यांना एक ईमेल करा आणि थेट विचारा: प्रौढ रायडर १४८ सेंटिमीटरखालच्या पोनीवर खुल्या क्लासमध्ये उतरू शकते का, आणि त्यासाठी पोनीची नोंद कुठल्या रजिस्टरमध्ये लागते? उत्तर लेखी घ्या आणि फोनमध्ये जपून ठेवा. मैदानावरच्या पंचाला हे कलम दरवेळी पाठ असतंच असं नाही.

“पोनीवर मोठं माणूस शोभतं का?” हा प्रश्नही तुम्ही शेवटी हळूच विचारलाय. १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये मॅरियन कोक्सने शोजंपिंगचं वैयक्तिक रौप्यपदक मिळवलं ते स्ट्रोलरवर, आणि स्ट्रोलर पोनीच्याच उंचीचा होता. ती तेव्हा २१ वर्षांची. त्याच्या आदल्याच वर्षी त्या जोडीने ब्रिटनमधली हिकस्टेडची डर्बी, शोजंपिंगचीच स्पर्धा, जिंकली होती. इव्हेंटिंगमध्ये (ड्रेसाज, क्रॉस-कंट्री आणि शोजंपिंग अशा तिहेरी स्पर्धेत) कॅरन ओकॉनर ही ऑलिंपिक पदक मिळवलेली अमेरिकन रायडर २००७ साली केंटकीच्या स्पर्धेत तिसरी आली, तीही टेडी नावाच्या चिमुकल्या पोनीवर. तो जेमतेम १४ हात १ इंच, म्हणजे सुमारे १४५ सेंटिमीटर. शोभतं की नाही याचं उत्तर मला यांच्यापलीकडे शोधावंसं वाटत नाही.

आता खरी गोष्ट. लोक विचारतात, पोनीला तेवढी उडी झेपेल का? चांगल्या पोनीला १.१० मीटर झेपतं. अडचण येते ती दोन उड्यांमधल्या अंतराची. मोठ्यांचे कोर्स घोड्याच्या ढांगेवर, म्हणजे दौडीतल्या एका झेपेच्या लांबीवर, आखलेले असतात, आणि ती ढांग साधारण ३.६ मीटर धरतात. आपल्या ९० सेंटिमीटरच्या चार पावलांची एक ढांग, म्हणून कोर्स पायी फिरताना सगळे पावलं मोजतात: दोन पावलं उतरण्याची, दोन उठण्याची, मधली चार-चार ढांगेची. चार ढांगांची लाइन (दोन उड्यांमधलं सरळ अंतर) म्हणजे वीस पावलं, १८ मीटर; उतरणं आणि उठणं मिळून आणखी एक ढांग धरायची. माझ्या पोनीची मोकळ्या कँटरमधली (मध्यम दौडीतली) ढांग ३.२ मीटर. त्याला चार ढांगांत हे अंतर काढायचं तर प्रत्येक ढांग ४० सेंटिमीटरने ताणावी लागते. पाच घ्यायच्या तर प्रत्येक ३ मीटरची, म्हणजे नेहमीपेक्षा फक्त २० सेंटिमीटर आखूड. त्यामुळे मी पाचच घेते, आणि हे आत शिरायच्या आधी ठरवते.

पहिल्या खुल्या स्पर्धेत ठरवलं नव्हतं. पाचव्या उडीवरून उतरले, पोनी छान पुढे निघाला होता, शेजारची घोडी चार ढांगांत कशी गेली ते डोळ्यांसमोर होतं. तीन ढांगा झाल्या आणि चौथी अर्धवट पडणार हे मांड्यांना कळलं. मी लगाम ओढला, मग घाबरून टाच दिली. एकाच ढांगेत दोन्ही. पोनी ऑक्सरच्या, म्हणजे रुंद दुहेरी अडथळ्याच्या, पायथ्याशी येऊन थांबला. कान पुढे, पाय बरोबर खांबाच्या रेषेत. चार फॉल्ट, म्हणजे दंडाचे गुण. चूक सर्वस्वी माझी होती. त्या बिचाऱ्याला मी प्रश्नच असा घातला होता की ज्याला उत्तर नव्हतं.

लाइन जितकी लांब तितकं पोनीचं काम सोपं. सात ढांगांची लाइन २८.८ मीटर. तीच आठ ढांगांत बरोबर ३.२ मीटरने बसते, काहीच करावं लागत नाही. कस लागतो तो डबल आणि ट्रिपलमध्ये, म्हणजे एक-दोन ढांगांच्या अंतरावर लागोपाठ लावलेल्या दोन किंवा तीन उड्यांत. एका ढांगेचा डबल साधारण ७.२ मीटरचा. त्यात दोन ढांगा घालायच्या तर प्रत्येकी २.४ मीटर. पोनी उडीच्या पोटात शिरतो आणि खांब छातीने घेऊन जातो. तिथे ताणण्यावाचून मार्गच नाही. मी डबलच्या आधीच्या कोपऱ्यातच कँटर मोठा करून घेते, पहिल्या उडीवर हात पूर्ण सोडते आणि उतरताना अंग मागे टाकत नाही. दोन ढांगांच्या डबलमध्येही हेच. तीन ढांगा कोंबायचा मोह होतो, पण तो सहसा पाडतोच. ८० आणि ९०च्या क्लासमध्ये, त्यातही बंदिस्त अरीनात, अंतरं बरेचदा थोडी आखूड असतात. म्हणून मीटरभर सहज करत असलात तरी पहिले काही महिने खालच्या क्लासमध्ये काढा. उंचीसाठी नाही, अंतराची सवय व्हावी म्हणून.

वेळेचाही हिशेब आहे. मिनिटाला ३५० मीटरचा वेग ठेवलेला असेल तर ४२० मीटरच्या कोर्सला ७२ सेकंद मिळतात. त्या वेगात घोडा मिनिटाला ९७ ढांगा टाकतो, ३.२ मीटरवाला पोनी १०९. त्याला सतत थोडं जास्त काम. पण जंप-ऑफमध्ये, म्हणजे बरोबरी झालेल्यांच्या घड्याळावरच्या निर्णायक फेरीत, हेच पारडं फिरतं. घोडा जिथे वळायला अर्धं मैदान घेतो तिथे पोनी दोन उड्यांच्या मधून निघून जातो. मी जे काही जिंकले ते वळणांवरच जिंकले.

वजनाबद्दल मनापासून सांगते, कारण इथे चूक झाली तर भोगतो पोनी. रायडर, खोगीर, बूट, हेल्मेट, जॅकेट सगळं धरून पोनीच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत राहावं असा ढोबळ नियम सांगतात. उडीसाठी मी १५च्या आसपासच थांबते. तुमचे ५२ आणि सामानाचे दहा, म्हणजे ६२ किलो. ४०० किलोच्या दणकट कॉनेमारासाठी (ही आयर्लंडची पोनी जात) ते साडेपंधरा टक्के, ठीक. ३३० किलोच्या नाजूक पोनीसाठी जवळजवळ एकोणीस. तो पोनी कितीही गोड असला तरी घेऊ नका. पाहायला जाल तेव्हा वजनाची टेप बरोबर न्या, विकणाऱ्याच्या अंदाजावर जाऊ नका.

तुमचा पोनी बरोबर नेण्याचा विचार मात्र सोडा असंच मी म्हणेन. रक्ततपासण्या, क्वारंटाइन, विमान यांत पोनीच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च होतो आणि ताण त्याच्यावर पडतो. त्याला इथे चांगलं घर शोधून द्या. तिथे गेल्यावर पहिलं वर्ष कुणाचा तरी पोनी वाटून घेऊन चालवा. मग विकत घ्यायची वेळ आली की एक गोष्ट आपल्या फायद्याची असते: दरवर्षी काही मुलं सोळा ओलांडतात आणि त्यांचे शिकलेसवरलेले पोनी विक्रीला येतात. कोर्स पाठ, डबल पाठ, मालकाला तो चांगल्या हाती जावा एवढंच हवं असतं. पण असा पोनी चौदा-पंधरा वर्षांचा असू शकतो आणि आयुष्यभर चाळीस किलोचं पोर वागवत आलेला असतो. म्हणून पशुवैद्याची तपासणी स्वतःच्या वैद्याकडून करा, सांधे वाकवून चालवून पाहायला सांगा, एक्स-रे काढा. कॉनेमारा असेल तर खुराची भिंत सुटण्याच्या आनुवंशिक आजाराची चाचणी झाली आहे का ते विचारा.

आणि गवत. थंड, ओल्या देशात हिरवंगार कुरण बघून आपल्याला भरून येतं, पण पोनीच्या जातींना तेच घातक ठरतं. लॅमिनायटिस, म्हणजे खुरांच्या आतला दाह, होतो, खुरांत वेदना सुरू होतात आणि वसंतातला अख्खा मोसम जातो. चराईचे तास मोजून द्यावे लागतात किंवा तोंडाला जाळी बांधावी लागते. तबेला निवडताना भाड्याच्या आधी हे विचारा की ते पोनीला कुरणातून वेळेवर आत घेतात का.

कागदपत्रांचं थोडक्यात. काही देशांत स्पर्धेचा परवाना मिळण्याआधी परीक्षा द्यावी लागते: जर्मनीत राइट-आबत्साइखेन, स्वीडनमध्ये ‘ग्रीन कार्ड’. तुमचे इथले निकाल, प्रमाणपत्रं, प्रशिक्षकाचं पत्र बरोबर असू द्या. देशांतर्गत स्पर्धांना नागरिकत्व सहसा आड येत नाही, पण कधी कधी आपल्या महासंघाची ना-हरकत मागतात, ती निघण्याआधीच काढा. हेल्मेटच्या आतलं लेबल बघा. अमेरिकेत एएसटीएम एफ११६३, ब्रिटनमध्ये ते किंवा पास ०१५, व्हीजी१ यांसारखं एखादं सुरक्षा मानक छापलेलं लागतं, नाहीतर मैदानावर सोडत नाहीत. विमा पहिल्या दिवसापासून, दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई देणारा.

ब्रिटनला गेलात तर अजून एक दार उघडं आहे. तिथल्या देशी पोनी जातींचे, म्हणजे माउंटन अँड मूरलँडचे, वर्किंग हंटर नावाचे क्लास असतात. त्यात मोठ्या जातींच्या पोनीवर प्रौढ रायडर बिनदिक्कत उतरतात, उड्याही असतात. शोजंपिंगइतका वेग नाही, पण नव्या देशात ओळखी होण्यासाठी माझ्या मते यापेक्षा चांगली जागा नाही.

निघायला अजून चार महिने आहेत म्हणता. आठवड्यातून एकदा दोन खांब जमिनीवर १८ मीटरवर ठेवा आणि त्यांच्यावरून तुमच्या पोनीला आधी पाच ढांगांत, मग सहा ढांगांत न्या. कुणाकडून तरी बाजूने व्हिडिओ काढून घ्या आणि ओल्या वाळूत उमटलेले पाय टेपने मोजा. तुमच्या पोनीची ढांग किती भरते तो आकडा मला कळवा, मग डबलसाठी कँटर कुठून मोठा करायचा ते सांगते.