जुन्या हार्ड डिस्क जोडल्यापासून कॉम्प्युटर सुरू होत नाही, डिस्क फॉरमॅट करू का?

नाही, फॉरमॅट अजिबात करू नका. तुम्ही लिहिलंय की विंडोज ११ एम.२ एसएसडीवर आहे, जुन्या मशीनमधल्या दोन साटा (केबलने जोडायच्या) डिस्क नव्या कॅबिनेटमध्ये जोडल्या, आणि तेव्हापासून कधी ‘बूटएमजीआर इज मिसिंग’ असा मेसेज येतो, तर कधी मशीन लोगोवरच अडकतं. डिस्क काढल्या की सगळं सुरळीत चालतं. म्हणजे तुमचं विंडोज शाबूत आहे. पण ही बहुधा दोन वेगळी दुखणी आहेत, ती एकत्र धरू नका.

आधी मेसेजचं बघू. तुमचं विंडोज यूईएफआयने, म्हणजे मशीन सुरू करायच्या नव्या पद्धतीने, सुरू होत असेल, तर तो मेसेज एसएसडीवरून येतच नाही. जुन्या डिस्कवरच्या पार्टिशनच्या सुरुवातीच्या सेक्टरमध्येच ते वाक्य लिहिलेलं असतं. मदरबोर्डाने बूट करायला, म्हणजे विंडोज सुरू करायला, ती डिस्क घेतली, तिथल्या कोडने बूटएमजीआर नावाची फाइल शोधली, ती मिळाली नाही म्हणून वाक्य स्क्रीनवर आलं. थोडक्यात, बोर्ड भलत्याच डिस्ककडे जातोय. मशीन चालू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जा, बूटच्या यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ सगळ्यात वर आणा आणि सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करू देणारी सोय) चालू असेल तर बंद करा.

मात्र हे करण्याआधी, डिस्क काढलेल्या असतानाच, विंडोजमध्ये ‘सिस्टम इन्फर्मेशन’ उघडून बायोस मोड पाहा. तिथे लेगसी, म्हणजे जुनी पद्धत, असेल तर सीएसएमला हात लावू नका, नाहीतर विंडोजच उठणार नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं फीचर) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या. बूटची सेटिंग बदलली की ती मागितली जाऊ शकते. साटाचा मोड आहे तसाच राहू द्या.

लोगोवर अडकण्याची मला जास्त काळजी वाटते. सुरू होताना बोर्ड प्रत्येक डिस्कला तिची ओळख विचारतो आणि आजारी डिस्क उत्तरच देत नाही. कोणती ते शोधायला मशीनचा प्लग काढून एका वेळी एकच डिस्क जोडा. मशीन चालू करून डिस्कच्या कडेला बोट टेकवा. चांगली डिस्क हलकी थरथरते आणि मग एकसारखी फिरत राहते. टक, टक, टक असा आवाज येऊन ती थांबत असेल तर लगेच बंद करा. हेड (डेटा वाचणारा भाग) गेल्याची ती खूण असते आणि प्रत्येक नव्या प्रयत्नात प्लॅटरवर (डेटा साठवणाऱ्या तबकडीवर) ओरखडे पडायचा धोका असतो. त्या डिस्कवर चेकडिस्क (विंडोजचं डिस्क दुरुस्त करायचं टूल) चालवू नका. आतले फोटो हवे असतील तर ती थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

डिस्क फिरतच नसेल तर वायर तपासा. ३.५ इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर ओढते, त्यामुळे सैल स्प्लिटर (एका पॉवर वायरच्या दोन करणारा जोड) तिथे मार खातो. आणि एक कळकळीने सांगतो: दुसऱ्या पॉवर सप्लायची मॉड्युलर (सप्लायपासून सुटी होणारी) केबल कधीच वापरू नका. कनेक्टर बसतो, पण पिनांची मांडणी वेगळी असू शकते आणि डिस्कचं सर्किट जळतं.

माझं मत विचाराल तर इतक्या जुन्या डिस्क कॅबिनेटमध्ये कायमच्या बसवूच नका. स्वतःचा वेगळा पॉवर अडॅप्टर असलेला यूएसबी डॉक (डिस्क बाहेरून लावायचा स्टँड) घ्या, विंडोज पूर्ण सुरू झाल्यावर डिस्क लावा आणि सगळ्यात महत्त्वाचे फोल्डर आधी कॉपी करा. ‘फॉरमॅट’ किंवा ‘इनिशियलाइज’ विचारलं की कॅन्सल दाबायचं. जुन्या युजरच्या फोल्डरला परवानगी नाही असं आलं तर घाबरू नका. तिथे ‘कंटिन्यू’ दाबलं की बहुतेक वेळा फोल्डर उघडतो.