'प्रवास', 'दगदग' आणि 'वेणा'

सतराव्या शतकातील इंग्रज स्त्रियांची आत्मकथने मराठीत आणताना 'ट्रॅव्हल' या शब्दासाठी सर्वत्र 'प्रवास' योजावा का, असे विचारण्यात आले आहे. माझ्या मते योजू नये.

हिंडण्याच्या अर्थाचा 'ट्रॅव्हल' (travel) आणि कष्ट किंवा प्रसूतिवेदना या अर्थाचा 'ट्रॅव्हेल' (travail) हे मुळात एकच शब्द. श्रमवाचक जुन्या फ्रेंच शब्दापासून ते आले आणि त्या काळी एकाचे लेखन दुसऱ्यासाठी सर्रास होत असे. स्त्रीच्या लेखनात तर दोन्ही अर्थ प्रत्यक्ष आयुष्यातच एकत्र येतात. लेडी अ‍ॅन फॅनशॉ यांनी १६७६ मध्ये आपल्या हयात असलेल्या एकुलत्या मुलासाठी आठवणी लिहिल्या. राजाच्या बाजूने असलेल्या पतीबरोबर इंग्लंडमधील यादवी युद्धाच्या काळात आणि पुढे वकिलातीच्या निमित्ताने त्या आयर्लंड, फ्रान्स, पोर्तुगाल, स्पेन असे फिरल्या, आणि त्याच काळात त्यांना चौदा अपत्ये झाली. १६५० मध्ये माद्रिदला जन्मलेली एलिझाबेथ जेमतेम पंधरा दिवस जगली. अशा मजकुरात मुक्कामाची नोंद आणि वेणांची नोंद वेगळी काढणे अवघड होते. म्हणून तेथे मला 'दगदग' हा शब्द जवळचा वाटतो, कारण तो वाटेलाही चालतो आणि देहालाही.

'प्रवास' या शब्दाची आणखी एक अडचण आहे. 'प्र' आणि 'वस्' यांपासून बनलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ घरापासून दूर राहणे असा आहे, आणि त्याच धातूपासून आलेल्या 'प्रोषितभर्तृका' (जिचा पती परगावी आहे अशी स्त्री) या शब्दात दूर जातो तो पती. स्त्री मागे उरते. फॅनशॉबाई मागे उरणाऱ्यांपैकी नव्हत्या. स्पेनच्या वाटेवर तुर्की जहाज दिसताच कप्तानाने त्यांना खोलीत कोंडले, तेव्हा त्यांनी जहाजावरच्या पोऱ्याला अर्धा क्राउन देऊन त्याची टोपी आणि डांबर माखलेला कोट मिळवला आणि त्या वेषात डेकवर पतीशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. (या प्रसंगाला मात्र 'दगदग' म्हणणे हास्यास्पद होईल.)

सिलिया फाइन्स यांच्याबाबत प्रश्नच उरत नाही. १६६२ मध्ये जन्मलेल्या, अविवाहित राहिलेल्या या बाई प्रकृतीला हवापालट आणि व्यायाम मिळावा म्हणून घोड्यावरून इंग्लंडभर फिरल्या. त्यांच्यासाठी 'प्रवास' हाच शब्द निःशंकपणे वापरावा.