राग कंपनीचा, नावे घरच्यांच्या

मी समुपदेशक आहे. बायका मला फोनवर एक प्रश्न जवळपास सारख्याच शब्दांत विचारतात. "ह्यांचं कुणाशी भांडण नाही, व्यसन नाही, पण दिवसभर धुमसत असतात. विमा कंपन्या, दवाखाने, अमेरिका, युद्ध... बातम्या बघायच्या आणि चिडायचं. डोक्यावर परिणाम तर झाला नसेल ना?" पुरुष स्वतः आले की उलट बाजूनं विचारतात. "सगळे लुटतायत आणि शांत मी व्हायचं?"

मला दोन्ही प्रश्न रास्त वाटतात. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांची हकिगत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल ते सगळं बदललं आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात ते हिशेब बघतात, म्हणून त्यांना आपण दिवाणजीच म्हणू.

२०२४ च्या दिवाळीआधी त्यांच्या वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. आमच्याकडे असं काही झालं की गाडी आपोआप मोठ्या दवाखान्यांच्या मिरजेकडे वळते, तशी ती वळली. बायपास झाली, म्हातारा वाचला. २०१८ पासून आरोग्य विम्याचा हप्ता, वर अठरा टक्के जीएसटी, एकदाही न चुकवता भरलेला. पण डिस्चार्जच्या दिवशी कॅशलेस नाकारलं गेलं आणि बिल भरून मागून टाकलेला क्लेमही फेटाळला. कारण काय, तर रक्तदाब आधीपासून होता आणि तो तुम्ही सांगितला नाहीत. चार लाखांच्या आसपास रक्कम. बायकोच्या पाटल्या गहाण गेल्या, राहिलेलं पतसंस्थेतून उचललं.

त्यानंतर ४ डिसेंबरला न्यूयॉर्कमध्ये, मॅनहॅटनमधल्या एका हॉटेलबाहेर, युनायटेडहेल्थकेअर या तिथल्या बड्या आरोग्य विमा कंपनीचे प्रमुख ब्रायन थॉम्पसन यांना गोळ्या घालून मारण्यात आलं. काडतुसांवर क्लेम लांबवणं, नाकारणं अशा अर्थाचे शब्द लिहिलेले सापडले. पाच दिवसांनी लुइजी मँजिओनी हा सव्वीस वर्षांचा तरुण पेनसिल्व्हेनियात पकडला गेला. न्यायालयात त्यानं गुन्हा नाकारला. पण तोवर अमेरिकेतले असंख्य लोक आपापल्या नाकारलेल्या क्लेमच्या कहाण्या सांगत होते, आणि काही जण तर उघड टाळ्या पिटत होते.

दिवाणजींनी त्या गोळीबाराची चित्रफीत कितीदा पाहिली ते त्यांनाही सांगता येईना. "मॅडम, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी त्या रात्री झोप लागली. सकाळी उठलो आणि माझीच मला भीती वाटली."

ते आले ते या भीतीपोटी, आणि ती वाटली हे चांगलंच झालं. मनात सूड येणं आणि सुडाची तयारी करणं यांत अंतर असतं. पण ते किती आहे हे समुपदेशकानं गृहीत धरायचं नसतं, विचारायचं असतं. मी सरळ विचारलं. तुमच्या डोळ्यांपुढे कुणी ठरावीक माणूस येतो का? कुणाच्या मागावर गेलात का? घरात काही हत्यार आहे? स्वतः मरावं असं वाटतं का? (असं विचारल्यानं डोक्यात नसलेलं येतं, ही समजूत चुकीची आहे. उलट विचारलं की माणसं मोकळी होतात.) हत्यार नव्हतं, मरणाचा विचार नव्हता. पण थोडं थांबून ते म्हणाले, "त्या हॉस्पिटलात विम्याच्या खिडकीवर एक पोरगी बसते. तिला लै बोललो होतो. एकदा तिची ड्युटी सुटायच्या वेळेला गाड्या लावतात तिथं जाऊन थांबलो. नुसतं विचारायचं होतं, कुणाच्या सांगण्यावरनं केलं हे."

हे मी हलक्यात घेतलं नाही. इथलं बोलणं बाहेर जात नाही, पण कुणाच्या जिवाला धोका दिसला तर मी गप्प बसणार नाही, हे त्यांना स्पष्ट सांगितलं. त्या हॉस्पिटलात एकट्यानं पाऊल टाकायचं नाही, असं त्यांनी कबूल केलं. पुढच्या वेळी पत्नीला सोबत बोलावलं. झोप पार उडाली होती, त्यासाठी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. स्वतःचा रक्तदाबही तपासायला सांगितला. तोही वाढलेला निघाला.

मग मी त्यांना त्यांच्याच धंद्यातलं काम दिलं: रागाची कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, लिहायची. राग कशावरून आला ते जमेला, कुणावर निघाला ते नावे. ते हसले. पण माणूस दिवाणजी, वही नेटकी लिहून आणली. 'सकाळी सात. गाझातल्या पोरांची बातमी. नावे: बायको, चहा पांचट झाला म्हणून.' 'दुपारी. मेहुण्याचा फोन. नावे: हमाल.' मेहुण्यांची तासगावकडे द्राक्षबाग. २०२३ च्या नोव्हेंबरपासून येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, युरोपला जाणारे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जायला लागले, भाडं वाढलं आणि नाशवंत माल आठवडा-दोन आठवडे जादा पाण्यावर राहिला. त्या हंगामाचं रडगाणं मेहुणे अजून गातात. त्यात यार्डातल्या हमालाचा काय संबंध? 'रात्री साडेअकरा. विमा कंपनीचा जाहिरातीचा मेसेज. नावे: पोरगी, लाइट चालू ठेवला म्हणून.' पोरगी दहावीला होती.

वहीचा अर्थ मला सांगावा लागला नाही. ताळा जमत नाही हे दिवाणजीला आधी दिसतं. "जमा सगळी बाहेरची," ते म्हणाले, "आणि नावे सगळं हाताशी असलेल्या माणसांच्या."

मला वाटतं, या रागाची खरी अडचण हीच आहे. मोठ्या कंपनीचा कारभारच असा असतो की निर्णय घेणारा कधी समोर येत नाही. खिडकीवरच्या मुलीच्या हातात फक्त कॉम्प्युटर आणि त्यावर आलेला नकार. तो नकार कुठल्या तरी दुसऱ्या शहरातल्या कुणी दिला, तो माणूस तिनंही पाहिलेला नाही. युद्ध करणारे तर आणखी लांब. मग राग निघतो तो पगारासाठी तिथं बसलेल्या पोरीवर, नाहीतर घरच्या पोरीवर.

"पण व्हिडिओ बघितले की मोकळं वाटतं," हा त्यांचा मुद्दा होता. मोकळं वाटतं खरं, पण राग कमी होत नाही. २०२४ मध्ये १५४ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. राग बाहेर काढल्यानं तो ओसरतो याला त्यात आधार सापडला नाही. ज्यानं शरीराची धडधड खाली येते, म्हणजे सावकाश श्वास, ध्यान, स्नायू सैल सोडणं, त्यानं राग उतरतो. रागात पळायला जाण्याचाही एकूण उपयोग दिसला नाही. तेव्हा रात्री दहानंतर फोन स्वयंपाकघरात आणि अंथरुणावर पडल्यावर लांब उच्छ्वास, एवढंच ठरवलं.

'सकारात्मक विचार करा' हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही, कुणालाच सांगत नाही. त्यांच्या रागाला कारण होतं. आणि असा राग नीट मार्गी लावला तर फुकट जात नाही. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या औषधी स्टेंटसाठी, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीसाठी, एके काळी लाखावर रुपये मोजावे लागायचे. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारनं त्याची किंमत तीस हजारांच्या आत आणून बांधली. त्याच्यामागे एका वकिलानं दिल्ली उच्च न्यायालयात केलेली जनहित याचिका होती. तो वकीलही चिडलाच असणार, पण त्यानं आपली चीड अर्जात लिहिली.

दिवाणजींचा क्लेम फेटाळल्याचं पत्र त्यांनी रागाच्या भरात फाडलं होतं. ते पुन्हा मागवलं. मी वकील नाही, म्हणून ग्राहक चळवळीतल्या एका जुन्या कार्यकर्त्याकडे पाठवलं. तिथं कळलं की पॉलिसी सलग पाच वर्षं चालली असेल तर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय 'माहिती लपवली' म्हणून क्लेम नाकारता येत नाही. ही मुदत आधी आठ वर्षं होती, २०२४ मध्ये विमा नियामकानं ती पाचवर आणली. यांची पॉलिसी सहा वर्षांची. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी जायचं, महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे. तिथं फी नाही, वकीलही लागत नाही. हॉस्पिटलकडे उपचाराच्या कागदांची मागणी केली की ७२ तासांत ते द्यावे लागतात.

कागद आले, आणि एका संध्याकाळी दिवाणजी वेळ न घेताच माझ्याकडे आले. दाखल करतानाच्या पानावर डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'बारा वर्षांपासून रक्तदाब.' कंपनीचा सगळा डोलारा त्या ओळीवर उभा. "हे त्या रात्री मीच सांगितलं, मॅडम. माझ्याच तोंडानं." पॉलिसी काढताना एजंटनं 'बीपी काय, सगळ्यांनाच असतो, लिहू नका' म्हटलं होतं, त्यावरही मान यांनीच डोलावली होती. म्हणजे कंपनी अगदीच धादांत खोटं बोलत नव्हती, आणि हे त्यांना कुठंतरी पहिल्यापासून ठाऊक होतं. त्यातच महात्मा फुले जन आरोग्य योजना आता पांढऱ्या रेशनकार्डालाही लागू असून वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, हे नुकतंच कानावर आलेलं. योजनेतल्या हॉस्पिटलात नेलं असतं तर? त्या दिवशीच्या कीर्दीत नावे एकच शब्द होता: 'मी'.

खरं काम इथून सुरू झालं. त्याला वेळही बराच लागला, आणि त्यातलं फारसं इथं सांगण्यासारखं नाही. एक गोष्ट मात्र मी त्यांना पुन्हा पुन्हा आठवून दिली. त्या रात्री खरं सांगितलं म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांना वडिलांचा रक्तदाब माहीत होता. विम्याचा फॉर्म आणि डॉक्टरांचा प्रश्न, या दोन ठिकाणी दिलेली उत्तरं वेगळी निघाली. त्यातलं दवाखान्यात दिलेलं बरोबर होतं.

लोकपालांकडे अर्ज गेला आहे. दिवाणजी अजून चिडतात, गाझाच्या बातम्यांवर तर चिडावंच असं माझंही मत आहे. हमालाशी बोलणं पुन्हा सुरू झालंय. पोरीनं लाइटच्या बटणावर 'हिशेब: शून्य' अशी चिठ्ठी चिकटवली होती, ती त्यांनी काढली नाही. खिडकीवरच्या मुलीची माफी मागायला जाऊ का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हणाले. पार्किंगमध्ये थांबलेला माणूस पुन्हा समोर आला तर ती आधी घाबरेल, माफी नंतर ऐकेल. त्यांना ते आवडलं नाही, पण गेले नाहीत.

घरच्यांनी केव्हा थांबू नये, हेही विचारलं जातं. एखाद्या ठरावीक माणसाचं नाव वारंवार तोंडात येत असेल, त्याच्या येण्याजाण्याची चौकशी चालू असेल, हत्याराची भाषा असेल, रात्र-रात्र झोप नसेल, दारू वाढली असेल किंवा 'मी तरी जगून काय करू' असं बोलणं असेल, तर समजूत घालत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. कुणी ओळखीचं नसेल तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.