नीट, गॅप आणि भावाचा मास्क

एका विद्यार्थिनीचं पत्र थोडक्यात असं: बारावी पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायोलॉजी), सांगली जिल्हा. नीटला 438 आले. काका म्हणतात, गॅप घे, बीएस्सी करून काय मिळणार? दोन वर्षांपूर्वी सात वर्षांचा भाऊ डीआयपीजी या मेंदूतल्या कर्करोगाच्या गाठीने गेला. 'मला त्यावर औषध शोधायचंय. पण एमआरआयमध्ये गाठ दिसत होती तर डॉक्टरांनी ती काढली का नाही, हे अजून कळलेलं नाही.'

तुझं चार पानी पत्र दोनदा वाचलं. नीटचं मागाहून, आधी गाठीचं. मेंदूच्या बुंध्याशी पॉन्स नावाचा भाग असतो. डोळे वळवणं, चेहरा हलवणं, गिळणं, तोल सांभाळणं, सगळ्याच्या नसा त्या दोन-तीन सेंटिमीटरांत दाटीने बसलेल्या. म्हणून तर भावाचा आधी डोळा तिरळा झाला आणि मग तो चालताना झोकांड्या खायला लागला. ही गाठ गोटीसारखी सुटी नसते, चांगल्या पेशींमध्ये भिनलेली असते. मळलेल्या कणकेतून मीठ वेचता येईल का? डॉक्टरांनी कुठे कमी केलं असं मनात असेल तर ते काढून टाक. रेडिएशनने काही महिने बरं वाटतं, मग गाठ पुन्हा वाढते. बहुतेक मुलं निदानानंतर वर्षभराच्या आसपासच राहतात. नील आर्मस्ट्राँगची मुलगी 1962 मध्ये याच आजाराने गेली. तिलाही रेडिएशनच दिलं होतं.

खरी उकल झाली 2012 मध्ये. आपला डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. त्यातल्या एच3 या रिळातलं सत्ताविसावं अमिनो आम्ल या गाठींमध्ये बदललेलं सापडलं: लायसिनच्या जागी मेथिओनिन. एवढ्याशा बदलाने गप्प राहायची जनुकं जागी होतात. हे सापडलं जनुकं वाचणाऱ्या प्रयोगशाळांमध्ये. पुढे या पेशी बशीत वाढवता आल्या, त्यातल्या कितीतरी, आईवडिलांनी मुलाच्या मृत्यूनंतर मेंदूची ऊती दान केली म्हणून. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेत डॉर्डाव्हिप्रोन या औषधाला त्वरित मंजुरी मिळाली, तीही हा बदल असलेली गाठ उपचारांनंतर पुन्हा वाढली तर. साधारण पाचातल्या एका रुग्णाची गाठ लक्षणीय आटली. बरं करणारं औषध ते नव्हे.

म्हणजे औषध शोधायला एमबीबीएसच हवं, असं नाही. आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांची परीक्षा, तिथे बीएस-एमएस, मग पीएचडी. खारघरच्या अॅक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात कर्करोगावरच पीएचडी करता येते. मुलांचा कॅन्सरतज्ज्ञ व्हायचं तर एमबीबीएस, एमडी, डीएम मिळून साडेअकरा वर्षं, आणि रोज अशाच घरांशी बोलायचं. ते जमेल असं वाटत असेल तरच गॅप घे. भावाला दिलेला शब्द म्हणून घेऊ नकोस, असं मी स्पष्टच सांगतो.

आता मला खटकलेली गोष्ट. चार पानांत डॉक्टरांबद्दल दोन ओळी आहेत आणि रेडिएशनच्या वेळी डोकं हलू नये म्हणून घालतात त्या मास्कबद्दल अर्धं पान. जाळीदार प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यातून काढला, मऊ झाला, भावाच्या तोंडावर ओढून बसवला, काही मिनिटांत कडक झाला. त्यावर टेक्निशियनने खुणा केल्या आणि तू विचारलंस, 'रोज त्याच जागी किरण कसा पडतो?' चौदा-पंधरा वर्षांची होतीस तेव्हा! हा प्रश्न मेडिकल फिजिक्सचा आहे. गणित सोडलेलं नाहीस, हे बरं केलंस. बीएस्सी फिजिक्स, एमएस्सी, मग बीएआरसीचा (भाभा अणुसंशोधन केंद्राचा) रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा आणि हॉस्पिटलमध्ये इंटर्नशिप. किरण किती, कुठून, शेजारच्या नसा कशा वाचवायच्या, हा हिशेब ही माणसं करतात. काकांना सांग, बीएस्सी करून हेही मिळतं.

ठरवण्याआधी एक कर. जवळच्या एखाद्या रेडिएशन विभागात चिठ्ठी देऊन अर्धा दिवस बसू देतात का विचार. तो मास्क पुन्हा पाहताना काय होतंय ते बघ. पाय बाहेर वळले तर आयसरचा फॉर्म आहेच. आणि बीएस्सीचा अर्ज मात्र या आठवड्यात भरून ठेव, गॅपचं काहीही ठरो.