पिग्मी एजंट, काटा पावती आणि हेरकथा

साध्या माणसाला हेरगिरीत आणि पैशाच्या घोटाळ्यात ओढणाऱ्या कथा लिहिणाऱ्या वाचकांची या वेळी बरीच पत्रं आली. बहुतेकांची कथा विदर्भातल्या खेड्यापाड्यांत घडते. अशा कथेत पिस्तुलापेक्षा हिशेबाची वही महत्त्वाची, असं आमचं ठाम मत आहे. त्यामुळे उत्तरंही त्याच अंगाने दिली आहेत.

प्रश्न : माझा नायक वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेचा पिग्मी एजंट, म्हणजे दुकानोदुकानी फिरून रोजची बचत गोळा करणारा, आहे. गावाजवळ लष्कराचं दारूगोळा कोठार आहे. परदेशी हस्तक पहिल्याच भेटीत त्याला ५ लाखांची बॅग देतो आणि कोठाराची माहिती मागतो. वाचणारे म्हणतात, पटत नाही. काय चुकतंय? (आर्वी)

चुकतेय ती बॅग. एकदम ५ लाख रोख पाहून साधा माणूस घाबरतो आणि घाबरलेला माणूस घरी बोलून मोकळा होतो. जाळं विणणारा हे जाणून असतो. तो आधी अडचण शोधतो, पैसा नंतर काढतो.

नायक मात्र तुम्ही फार चांगला निवडला आहे. पिग्मी एजंट रोज त्याच दुकानांत, त्याच वेळी जातो आणि कशाला आलास असं त्याला कुणी विचारत नाही. त्याचं काम आधी नीट दाखवा. सकाळी शाखेत पावतीच्या मशीनमध्ये खातेदारांची यादी भरून घ्यायची, दिवसभर वसुली करून पावत्या द्यायच्या, संध्याकाळी मशीनमधल्या नोंदी उतरवून रोकड कॅशियरकडे भरायची. गळती होते ती या दोन टोकांच्या मधे. "मशीन बंद आहे, उद्या पावती देतो" म्हणत तो कार्डावर हाताने रक्कम लिहितो आणि पैसे खिशात ठेवतो. खातेदाराच्या कार्डावर रक्कम चढते, संस्थेच्या खतावणीत चढत नाही.

आता याला आपल्याकडचा हंगाम जोडा. जूनमध्ये बियाणं-खताला ३८,००० कमी पडले म्हणून त्याने वसुलीतून उचलले. सोयाबीन विकलं की भरून टाकू, हा त्याचा हिशेब. पण सोयाबीन निघतं ऑक्टोबरात आणि पिग्मीवाले दिवाळीआधी पैसे काढायला रांग लावतात. त्यातच सोंगणीच्या वेळी पाऊस आला तर दाणा काळा पडतो आणि भाव पडतो. कपाशीचा पैसा तर त्याच्याही नंतरचा. पोळ्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ हा त्याच्या गळ्यातला फास आहे. हस्तकाला एवढंच कळलं तरी पुरे. ठेव विम्याचं ५ लाखांपर्यंतचं संरक्षण बँकेतल्या ठेवींना आहे, पतसंस्थेतल्या ठेवींना नाही, हेही विसरू नका. पानटपरीवाल्याचे बुडाले तर बुडाले. नायकाची लाज त्यातून येते आणि त्या लाजेपायी तो गप्प राहतो.

मग पायऱ्या. पहिलं काम अगदी निरुपद्रवी हवं : बाजाराच्या पाहणीसाठी कुठलं दुकान कधी बंद असतं ते कळवायचं, त्याचे १,५०० रुपये यूपीआयने. दुसऱ्या कामात त्याच्या नावावर सिमकार्ड घ्यायला लावायचं आणि फक्त ओटीपी विचारायचा. त्या भारतीय नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप सुरू होतं सीमेपलीकडे. खऱ्या तपासांतही ही पद्धत समोर आलेली आहे. तिसऱ्या कामात त्याच्या बँक खात्यात रक्कम येते, थोडी ठेवून बाकीची पुढे पाठवायची. इथवर येईस्तोवर त्याच्या नावाने इतका पुरावा साचतो की माघारीची वाटच बंद होते.

कोठाराचा विषय चौथ्या कामात, तोही आडून काढा. फाट्यावरचा ढाबेवाला एरवी रोज २०० रुपये भरतो आणि ट्रकांची रांग लागते त्या दिवशी ५००. म्हणजे गाड्या कोणत्या तारखांना आल्या, हे नायकाच्या मशीनमध्येच आहे. हस्तक फक्त त्या एका खात्याचा उतारा मागतो. "एवढ्यानं काय होते?" असं नायकाला वाटायला हवं. वाचकाच्या मात्र काय होतं ते ध्यानात यायला हवं. शत्रूला उपयोगी पडू शकेल अशी माहिती देशाच्या सुरक्षेला बाधक हेतूने गोळा करणं हाच १९२३च्या शासकीय गुपिते कायद्यात गुन्हा आहे आणि संरक्षणाशी संबंध असेल तर शिक्षा १४ वर्षांपर्यंत जाते. नायकाचा तसा हेतू होता का, यावर तुमचा उत्तरार्ध उभा राहू शकतो.

प्रश्न : माझा खलनायक काळा पैसा शेतीचं उत्पन्न म्हणून दाखवतो. ६ एकर कोरडवाहू कपाशीतून वर्षाला ९० लाख. चालेल का? (समुद्रपूर)

नाही. विदर्भातला कोणताही वाचक पुस्तक तिथेच मिटेल. कोरडवाहूत एकरी ८ क्विंटल म्हणजे चांगलं पीक. ६ एकरांचे ४८ क्विंटल. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६चा हमीभाव ८,११० रुपये धरला तर हातात येतात ३,८९,२८० रुपये. ९० लाखांसाठी सुमारे १,११० क्विंटल कापूस लागेल, म्हणजे एकरी १८५.

शेतीचं उत्पन्न आयकरातून मुक्त आहे, म्हणून ही वाट मोहाची खरी. पण तुमच्या खलनायकाला शेतापेक्षा जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारा कारखाना, द्या. तिथे न आलेला कापूस कागदावर आणता येतो. शिवाय त्याला पकडायला पोलीस लागत नाही, जिनिंगमधली एखादी हिशेबनीस मुलगी पुरते. तिने करायचा पडताळा असा : एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई (सरकी काढलेला कापूस) आणि ६४ किलोच्या आसपास सरकी निघते, बाकी घट. रुईची एक गाठ १७० किलोची, म्हणजे पाच क्विंटलला एक गाठ. कागदावर १,११० क्विंटल खरेदी असेल तर २२०च्या वर गाठी आणि ७०० क्विंटल सरकी कुठे तरी दिसलीच पाहिजे. गोदामात नाही, विक्रीत नाही आणि त्या महिन्याचं वीजबिलही वाढलेलं नाही. मग तिने काटा पावत्या, म्हणजे भरलेल्या गाड्यांच्या वजनाच्या पावत्या, काढाव्यात. पिकअपमध्ये २० क्विंटल धरले तरी ५६ खेपा होतात. पावत्यांवर एकच गाडी अर्ध्या तासात तीनदा भरून आलेली, आणि एक नंबर तर चक्क मोपेडचा. हे अतिरंजित वाटेल म्हणून सांगतो : १९९६ साली उघडकीला आलेल्या बिहारच्या चारा घोटाळ्यात कागदोपत्री वाहतूक करणाऱ्या गाड्यांचे नंबर स्कूटर-मोपेडचे निघाले होते.

रोकड ४९,०००च्या तुकड्यांत भरून सुटका होते, असंही तुम्ही लिहिलं आहे. पॅन टाळायला लोक असे तुकडे करतात हे खरं. पण एकमेकांशी जोडलेले रोख व्यवहार महिन्याला १० लाखांवर गेले की बँक ते दिल्लीच्या वित्तीय गुप्तवार्ता कक्षाला कळवते आणि संशयास्पद व्यवहाराला तर रकमेची मर्यादाच नाही. रोज ४९,००० भरणं हाच संशय.

आर्वीच्या पत्रातल्यासारखी हेरगिरीही कथेत आणायची असेल तर ती आणि जिनिंग या दोन धाग्यांची गाठ एका नोंदीत पडू द्या : पिग्मी एजंटाच्या खात्यात आलेली रक्कम जिनिंगच्या वहीत "कापूस वाहतूक" म्हणून लिहिलेली.

प्रश्न : शेवटी नायकाला आयबीचा अधिकारी अटक करतो. ठीक ना? (मोर्शी)

आयबीला अटकेचा अधिकार नाही, रॉलाही नाही. माहिती त्यांची असली तरी अटक पोलीस करतील, महाराष्ट्रात बहुधा एटीएस (दहशतवादविरोधी पथक). २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावंच लागतं. शासकीय गुपिते कायद्याखाली न्यायालय दखल घेतं ते सरकारच्या किंवा सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या तक्रारीवरून. कथा १ जुलै २०२४ नंतरची असेल तर भारतीय न्याय संहिता लावा आणि झडती-जप्तीचं चित्रीकरण दाखवा. त्याआधीची असेल तर जुनं भादंवि.

प्रश्न : गुप्त भेट गावाबाहेरच्या पडक्या विहिरीजवळ ठेवली आहे. (भद्रावती)

बदला. धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) अनोळखी मोटारसायकल दिसली की "कोनाकडचे पाव्हणे हो?" हा प्रश्न येतोच आणि संध्याकाळी पारावर त्याची चर्चा होते. भेट आठवडी बाजारात घडवा. नाही तर नोव्हेंबर-डिसेंबरात जिनिंगसमोरच्या गाड्यांच्या रांगेत, जिथे परगावचे चालक रात्र काढतात. मोबाइलचाही विचार करा. खेड्यात एक टॉवर काही किलोमीटरचा परिसर धरतो, त्यामुळे त्यावरून नेमकं घर कळत नाही. पण त्या टॉवरवर बाहेरचे नंबर मोजकेच असतात, म्हणून पाहुणा नंबर शहरापेक्षा लवकर सापडतो. खऱ्या कोठाराची फाटकं, रस्ते, पहाऱ्याच्या वेळा मात्र कादंबरीत अजिबात घालू नका. ती प्रतिबंधित जागा असते. गाव खरं ठेवा, कोठार मनाने उभं करा.