डुकराला लायसन लागत नाही, तुम्हाला लागतं

प्रश्न: मूळचा सावंतवाडीकडचा, सध्या टेक्ससमध्ये ऑस्टिनजवळ नोकरीला. मी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, बायको एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या वडिलांचं रँच आहे, तिथे रानडुकरांनी नुसता उच्छाद मांडलाय. जानेवारीत त्याच्याबरोबर एकदा गेलो, त्याची रायफल चालवली, फोटोही टाकले. तो म्हणतो, पुढच्या खेपेला कमरेला स्वतःचं पिस्तूल असू दे. जखमी डुक्कर झुडपातून अंगावर आलं तर रायफल फिरवायला वेळ मिळत नाही. १० मिलिमीटरचं ग्लॉक घेऊ की .३५७ मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर? टेक्ससात डुकरासाठी शिकारीचं लायसन लागत नाही, हे मी तपासलंय. ग्रीनकार्डवाला एक मित्र स्वतःच्या नावावर पिस्तूल घेऊन द्यायलाही तयार आहे. काही अडचण येईल का?

उत्तर: नमस्कार. सगळ्यात आधी, तुमच्या पत्रातला महिना आणि गाव मी बदललं आहे. आपण काय केलं, कधी केलं, हे अनोळखी माणसाला असं लिहून पाठवू नका, तो माणूस वकील असला तरी. का, ते पुढे येईल.

तुम्ही तपासलेली गोष्ट खरी आहे. खाजगी जमीन आणि मालकाची परवानगी असेल तर रानडुकराच्या शिकारीला टेक्सस राज्य सप्टेंबर २०१९ पासून लायसन मागत नाही. पण हा राज्याचा नियम आहे, आणि तुमचा प्रश्न राज्याकडे नाहीच. अमेरिकेच्या संघराज्य कायद्यातलं कलम ९२२ म्हणतं की नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस ताब्यात ठेवायचं नाही. एच-वन-बी याच वर्गात मोडतो. आय-१४०, म्हणजे ग्रीनकार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर होऊन दहा वर्षं रांगेत उभे असाल, स्वतःचं घर असेल, मुलं इथे जन्मलेली असतील, तरी हातात ग्रीनकार्ड पडेपर्यंत तुम्ही नॉन-इमिग्रंटच.

याच कलमाने काही अपवाद ठेवले आहेत. तुमच्या कामाचा अपवाद एकच: अमेरिकेत रीतसर मिळालेलं आणि मुदत न संपलेलं शिकारीचं लायसन तुमच्यापाशी असलं पाहिजे. म्हणजे जो कागद टेक्ससला डुकरासाठी नको आहे, नेमका तोच वॉशिंग्टनला तुमच्याकडून हवा आहे. सहकाऱ्याने तुम्हाला खोटं सांगितलं नाही. तो इथला नागरिक. हे कलम त्याच्या आयुष्यात कधी आडवं आलेलंच नाही, त्याला ते माहीत असायचं कारण काय? सावंतवाडीकडे आजोबांची शेतसंरक्षणाची ठासणीची बंदूक दर निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा होताना तुम्ही पाहिली असेल. तिथे कागद बंदुकीला चिकटलेला असतो. इथे तो माणसाच्या व्हिसाला चिकटलेला आहे, आणि आपली मुलं फसतात ती इथेच.

आता जानेवारीचं. कायद्याचा शब्द मालकीचा नाही, ताब्याचा आहे. दुसऱ्याची रायफल तासभर हातात घेतली तरी ताबा झाला. २०२२ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा १५ वर्षं आहे. एका फेरीसाठी कोणी तुम्हाला तेवढा काळ आत टाकेल असं मला वाटत नाही, पण तुमचं खरं दुखणं तुरुंग नाही. बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरणं हे देशाबाहेर काढायला स्वतंत्र कारण आहे, आणि ग्रीनकार्डच्या अर्जात, म्हणजे आय-४८५ मध्ये, अटक झाली नसली तरी कधी गुन्हा केला आहे का, असा थेट प्रश्न असतो. त्याला काय उत्तर द्यायचं हे तुमचे कागद समोर ठेवून इमिग्रेशन आणि फौजदारी दोन्ही जाणणाऱ्या वकिलाबरोबर बसून ठरवा. तिथलं बोलणं गोपनीय राहतं. या सदरातलं राहत नाही.

फोटोंना तोवर हात लावू नका. नवे टाकू नका, आणि घाबरून जुने पुसूही नका. चौकशी टाळायला पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि तो मूळ गुन्ह्यापेक्षा सिद्ध करायला सोपा.

‘मला कायदा माहीत नव्हता’ हा बचाव चालेल का, असं तुम्ही विचाराल. २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे रेहैफ खटला आला होता. अमिरातीहून आलेला विद्यार्थी, मार्क कमी पडले म्हणून फ्लोरिडातल्या विद्यापीठाने काढून टाकलेला, त्यामुळे विद्यार्थी म्हणून राहण्याचा हक्क संपलेला. आणि हा गडी नेमबाजीच्या रेंजवर गेला. न्यायालयाने सांगितलं की आपण मनाई असलेल्या वर्गात आहोत हे आरोपीला ठाऊक होतं, एवढं सरकारने सिद्ध करायला हवं. त्या वर्गाला बंदूक मना आहे हे ठाऊक होतं की नाही, याने फरक पडत नाही. आणि आपण एच-वन-बीवर आहोत हे तर तुम्ही पत्राच्या दुसऱ्याच वाक्यात लिहिलंय.

पुढचं तसं सोपं आहे. टेक्सस पार्क्स अँड वाइल्डलाइफ विभागाचं लायसन काढा. राज्यात सलग सहा महिन्यांहून जास्त राहिला असाल तर रहिवाशाचं लायसन २५ डॉलरच्या आसपास पडतं. २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शिकारीच्या शिक्षणाचा कोर्स असतो. तो करून टाका, एरवीही कामाचा आहे. लायसन हातात येईपर्यंत कोणाची बंदूक उचलायची नाही, गाडीच्या डिकीतला काडतुसांचा डबासुद्धा इकडचा तिकडे करायचा नाही.

या लायसनचं वर्ष ३१ ऑगस्टला संपतं, मग तुम्ही ते सप्टेंबरात काढलेलं असो की जुलैत. १ सप्टेंबरच्या सकाळी नवं लायसन नसेल तर काल कायदेशीर असलेलं पिस्तूल त्याच कपाटात, त्याच डब्यात बेकायदा झालेलं असतं. नवी लायसन्स ऑगस्टच्या मध्यापासून मिळायला लागतात. गणपतीच्या तयारीच्या यादीतच हे लिहून ठेवा, दिवस साधारण तेच असतात.

पिस्तूल मग दुकानातूनच घ्या, स्वतःच्या नावावर. खरेदीच्या वेळी भरायच्या फॉर्म ४४७३ मध्ये तुम्ही नॉन-इमिग्रंट आहात का आणि असाल तर कोणत्या अपवादात बसता, हे विचारलेलं असतं. आय-९४ चा, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीचा, नंबर आणि लायसनची प्रत बरोबर न्या. बऱ्याच दुकानदारांनी असा गिऱ्हाईक पाहिलेला नसतो, काही सरळ नाही म्हणतात. वाद घालू नका, दुसरं दुकान पाहा.

मित्राला मात्र आजच हात जोडून नको म्हणा. अॅब्राम्स्की नावाच्या माणसाने, तोही माजी पोलीस, पोलिसांना मिळणाऱ्या सवलतीत आपल्या काकासाठी ग्लॉक घेतलं. काका-पुतणे दोघंही बंदूक बाळगायला पूर्ण पात्र होते. तरी ‘खरा खरेदीदार मीच’ अशी फॉर्मवर खूण केली म्हणून पुतण्या दोषी ठरला, आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. आपल्याकडे ‘काका, मला वाचवा’ असतं. तिथे काकाही वाचवू शकला नाही. तुमच्या बाबतीत तर ज्याच्यासाठी घ्यायचं तोच आज अपात्र आहे. मित्राचं ग्रीनकार्डही त्यात जाईल.

घरातली एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. वहिनीही एच-फोरवर, म्हणजे मनाई त्यांनाही आहे. लॉकरचा नंबर त्यांना माहीत असेल आणि तुम्ही तीन आठवडे भारतात असाल, तर त्या काळात पिस्तूल कोणाच्या ताब्यात? एक तर नंबर तुमच्यापुरता ठेवा, नाही तर त्यांचंही लायसन काढा. आणि नोकरी गेली तर देशात राहायला साधारण ६० दिवसांची सवलत मिळते. तेवढ्यात दुसरी सोय झाली नाही आणि तुम्ही इथेच राहिलात, तर शिकारीचं लायसनही कामाला येत नाही. पिस्तूल त्याआधीच रीतसर विकून मोकळे व्हा.

ग्लॉक की रिव्हॉल्व्हर, हे तुमच्या सहकाऱ्याला विचारा. मी आयुष्यात मारलेली सगळ्यात मोठी शिकार म्हणजे स्वयंपाकघरातली पाल. कायद्याला दोन्ही सारखीच. फरक रायफल आणि पिस्तुलात आहे: दुकानातून पिस्तूल घ्यायला वय २१ लागतं आणि ते राहत्या राज्यातच घ्यावं लागतं. ओक्लाहोमात स्वस्त मिळतं म्हणून तिकडे गाडी काढू नका.

शेवटचं बॅगेबद्दल. रानात नेलेली पाठपिशवी आणि मुंबईच्या विमानाची पाठपिशवी वेगळी ठेवा. तळाच्या कप्प्यात विसरलेलं एक जिवंत काडतूस विमानतळाच्या स्कॅनरवर दिसलं की भारतात शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदला जातो. जाणीवपूर्वक ताबा नव्हता म्हणून असे गुन्हे उच्च न्यायालयांनी रद्द केलेले आहेत, पण तोवर पासपोर्ट अडकतो, सुट्टी संपते आणि इकडे मॅनेजरचे मेल सुरू होतात. निघायच्या आदल्या रात्री पिशवी उलटी करून झटका.